आबांच्या जेवणासाठी हिंडलेली मुंबई

मुंबईत चांगलं खायला कुठं मिळतं, हे आमच्या मुळशीकडची माणसं अजून मला विचारतात. कुणाचं पोर नोकरीला निघालं, कुणी दवाखान्याला निघालं, की माझ्या ओट्यावर येऊन बसतात. मी सांगते. माझ्या वेळची हॉटेलं आता असतील-नसतील, तरी सांगते. लोकांना वाटतं, म्हातारी तरुणपणी मोठी हौशी, नवऱ्याच्या हाताला धरून मुंबईभर खात हिंडली असणार. हौस कसली डोंबलाची! ती मुंबई मी जीव मुठीत धरून हिंडले, आणि बरोबर नवरा नव्हता. बाप होता, माझ्या घरचं पाणी न पिणारा बाप.

लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती आणि माझी कूस उजवली नव्हती. माझे मालक गोदीत कामाला होते. माझगावला चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली, पुढं सगळ्यांची मिळून गॅलरी, गॅलरीच्या टोकाला नळ. सासू गावाकडं, कोळवणच्या बाजूला. तिला आम्ही आत्याबाई म्हणायचो. बाई वाईट नव्हती, पण एकुलत्या एका लेकाची आई होती. तिनं पौडच्या बाजारात माझ्या वडलांना गाठलं आणि चारचौघांत सांगितलं, "तुमची लेक तुमी घेऊन जावा. आमाला वंश पायजे. दुसरी पोरगी बघून ठेवलीया." तेव्हा दुसरी बायको करायला कायद्यानं बंदी आली होती म्हणे. पण आमच्या डोंगराआड तो कायदा कुणी बघितला होता?

आबा तिला म्हणाले, "आदी मी सोता मुंबईला जाऊन येतो. बघतो, मंग सांगतो."

हा निरोप गावाकडून माझ्यापर्यंत पोचला. बघतो म्हणजे काय? माझा बाप एकदा बोलला की बोलला. तो चल म्हणाला असता तर मला गाठोडं बांधून निघावंच लागलं असतं, आणि परत आलेल्या लेकीचं काय होतं ते मी लहानपणापासून घरात बघत होते. आबांची सख्खी बहीण, माझी आत्या, अशीच मूल नाही म्हणून परत आलेली. पहाटे शेण काढायची, रात्री सगळ्यांच्या मागून जेवायची. तिला कुणी वाईट बोलत नसे, आणि कुणी बोलतही नसे. मला तसं जगायचं नव्हतं. मला माझी ती एवढीशी खोली हवी होती, आणि खरं सांगायला आता लाज कसली, मला माझा नवरा हवा होता.

आता आमच्याकडची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरच्या अन्नपाण्याला शिवत नाही. तिचा पाळणा हलला की मग पोटभर जेवतो. आबा तर गळ्यात माळ घातलेले माळकरी, रीतीला एकदम कडक. ते आले, खांद्यावरचं घरच्या तांदळाचं ओझं उतरवलं, भिंतीला टेकून बसले. मालकांनी चहाचा कप पुढं केला. आबांनी हात जोडले.

"पाव्हणं, च्या ऱ्हाऊंद्या. अजून येळ हाय."

शब्द रीतीचेच होते. सगळे बाप असंच म्हणतात. त्यात आशीर्वादच असतो, की होईल मूल, तवा पिईन. पण मालकांचं तोंड उतरलं. आणि वर आबा उठले, गॅलरीच्या टोकाला गेले आणि बायकांच्या बादल्यांच्या रांगेत वाकून नळाचं पाणी ओंजळीनं प्याले! सगळ्या मजल्यानं बघितलं. शेजारच्या रत्नांग्रीच्या काकू म्हणाल्या, "अगो, वडलांना तांब्या दे की!" मी हसले आणि आत गेले.

रात्री मालक दबक्या आवाजात म्हणाले, "तुजा बाप माज्या दारात उभा ऱ्हाऊन नळाचं पाणी पितोय. चाळीनं काय समजायचं? मला बाईलबुद्ध्या म्हनू दे, एक वेळ चाललं. पर हे?"

"रीत हाय ती. तुमाला म्हाईत न्हाई का?"

"मला म्हाईत हाय. चाळीला कोण सांगणार?"

त्यांचंही खरं होतं. दोष कुणात आहे हे कुणी तपासलं नव्हतं, बोट माझ्याकडं होतं. पण बाप नळावर पाणी प्यायला की तेच बोट त्यांच्याकडं वळत होतं. शेजारी आबांच्या जेवणाची सोय करायची, तर चाळभर कारण सांगावं लागलं असतं, आणि मालकांनी ते कधीच होऊ दिलं नसतं. गावाकडच्या गड्यांनी मिळून घेतलेली एक खोली होती, तिथं पंगत असायची. पण तिथं सगळी आत्याबाईंची भावकी. आबांनी तिथं घास घेतला की दुसऱ्या दिवशी कोळवणात बातमी. म्हणजे धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

मग मी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी मोठ्यानं म्हणाले, "आबा, चला, तुमाला मुंबई दाखवते!"

झालं. तेव्हापासून रोज तेच. मालक कामावर गेले की आम्ही बाहेर, आणि ते यायच्या आत मला घरी येऊन स्वयंपाकाला लागायचं असे. मी तोवर मुंबईत काय बघितलं होतं? बाजार आणि बोरीबंदर. ट्राममध्ये चढताना मीच दांडी घट्ट धरायचे, आणि आबांना मात्र दाखवायचं की तुमची लेक इथं रुळलीय, कुणाच्या बाला भीत नाही. कुठं उतरायचं ते कंडक्टरला हळूच विचारायचे आणि आबांना सांगायचे, "हितं माजं नेहमीचं येनंजानं हाय." खोटारडी कुठली!

पहिल्या दिवशी चुकलेच. भायखळ्याला कोपऱ्यावर इराण्याचं हॉटेल दिसलं, आरसे, गोल संगमरवरी टेबलं, म्हटलं आबांना झकास पाव-मस्का आणि चहा देऊ. बसलो. चहा आला, वरची साय हलत होती. आबांनी कप उचलला आणि तेवढ्यात शेजारच्या टेबलावर आम्लेट आलं. आबांनी बघितलं, नाक आक्रसलं, कप होता तसा खाली ठेवला आणि बाहेर जाऊन फुटपाथावर उभे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी ते शेंगा-फुटाण्यांवर राहिले. राणीच्या बागेत हत्तीपुढं बसून शेंगा सोलत होते, आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, की आज काही बोलतील का.

बोलले. पण काय? "पाव्हणं हात उगारत्यात का?"

"न्हाई, आबा."

"पित्यात?"

"सणासुदीला. गड्यांबरूबर."

"हं," म्हणाले आणि हत्तीला शेंगा टाकल्या. त्या 'हं'चा अर्थ लावत मी रात्रभर जागी.

मग हळूहळू मला ठिकाणं सापडली. माटुंग्याला मद्रासी लोकांची हॉटेलं, सोवळ्यातल्यासारखी स्वच्छ, केळीच्या पानावर भात. तिथली इडली आबांनी बोटानं दाबून बघितली आणि म्हणाले, "तांदूळ दळून, आंबवून, वाफवून, मंग खायाचा? ह्या लोकांला कामं न्हाईत का?" पण चार खाल्ल्या. भुलेश्वराच्या गल्लीत घट्ट दही मिळायचं, माळकऱ्याला चालणारं. महालक्ष्मीच्या देवळामागं खडकावर बसून शहाळं. चौपाटीची भेळ मात्र त्यांनी हातात घेऊन परत केली, कांदा बघून. भाऊच्या धक्क्यावर बोटीत माणसं चढताना बघायला त्यांना फार आवडायचं. समुद्र त्यांनी जन्मात पहिल्यांदा बघितला. आमच्याकडं धरणाचं पाणी, त्यात लोकांची गावं बुडालेली. पाणी म्हटलं की त्यांना तेच सुचायचं. म्हणाले, "हिच्या खाली कुणाची शेतं हायेत?" मी म्हटलं, "कुणाची न्हाईत, आबा. हे आदीपासनं पाणीच." ते म्हणाले, "मंग बरं हाय."

आणि गिरगावात ती खाणावळ. एक विधवा बाई चालवायची, आत अंधारी, पाटावर बसवून वाढायची, आमटी-भात, भाजी, ताक. कांदालसूण नाही. तिनं आबांच्या गळ्यातली माळ बघितली आणि न विचारता त्यांचं पान वेगळ्या ओळीला मांडलं. आबा तिथं पहिल्यांदा पोटभर जेवले. मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच डोळ्याला पदर लावला. त्या बाईला वाटलं, आमटी तिखट लागली.

पण घरी बरं नव्हतं. रोज संध्याकाळी आबा जेवून आलेले, मालक गप्प, आणि मी दोघांच्या मध्ये. एका रात्री आबा गॅलरीत झोपले होते आणि मालक म्हणाले, "काय ठरलं? नेनार हायेत का तुला?"

"मला सांगत न्हाईत."

"नेत्याल तर नेऊंदेत. मी आडवायचा न्हाई."

अंगाची आग झाली माझ्या. "आन तुमाला काय पायजे ते तुमी सांगनार न्हाई व्हय? आईनं बोलायचं, बापानं ठरवायचं आन तुमी नुसतं आडवायचं न्हाई?"

ते कूस बदलून झोपले. झोपले कसले, डोळे उघडे होते. मला तेव्हा वाटलं, ह्या माणसाला माझी काही पडलेली नाही. तसंच वाटलं, आज खोटं सांगणार नाही.

मग एकादशी आली. आबांना निर्जळा नव्हती, पण दिवसभर केळी आणि शेंगदाणे, बाकी काही नाही. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी बारस सोडायची, म्हणजे सकाळी लवकर जेवून उपास सोडायचा. मी ठरवलं, गिरगावातल्या खाणावळीतच नेते, पहिल्या पंगतीला.

ते दिवस मुंबईत कसे होते, म्हाताऱ्या माणसांना आठवेल. मुंबई महाराष्ट्राला पाहिजे म्हणून सगळं पेटलेलं. कधी मोर्चा निघेल, कधी हरताळ पडेल, नेम नव्हता. आम्ही ट्राममधून उतरलो तर रस्त्यावर काचा. खाणावळीचं दार बंद. मी कडी वाजवली. आतून बाई म्हणाली, "आज चूल पेटवली नाही हो, जा घरी, दगड पडतायत!" मागं वळते तर दुकानांच्या फळ्या धडाधड लागायला लागलेल्या. भेळवाला टोपली डोक्यावर घेऊन पळाला. पोरं घोषणा देत आली, पाठोपाठ पोलिसांची गाडी. मी आबांना धरून एका बोळात ओढलं. ट्राम जागेवर उभी राहिली, ती राहिलीच.

माझगावपर्यंत चालत जायचं. हे अंतर मला नेहमी घरामागच्या टेकडीएवढं जवळ वाटायचं, कारण ट्राम असायची. त्या दिवशी ऊन डोक्यावर, प्रत्येक नाक्यावर थांबून बघायचं, पुढं दगड आहेत का लाठ्या, मग जायचं. एकही हॉटेल उघडं नाही. केळीवाला नाही, चणेवाला नाही. एवढी मोठी मुंबई आणि माझ्या बापाला घासभर अन्न मिळेना. एका पाणपोईवर आबा पाणी प्याले, आणि पाणी पोटात गेल्यावर त्यांना उलट जास्तच भोवळ आली. पोट रिकामं होतं ना. डोंगरीजवळ एका बंद दुकानाच्या पायरीवर त्यांना बसवलं. ओठ पांढरे, हात गार.

"आबा, घरी चला. मी पाया पडते. घरी गेल्या-गेल्या दोन घास खावा. कुणाला कळनार न्हाई."

"मला कळंल की."

"मराया टेकलाय, तरी रीत?"

माझा आवाज चढला होता. बापावर असं ओरडले मी, भर रस्त्यात. ते चिडले नाहीत. पायरीवर हात टेकून बसून राहिले, आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते त्याआधी कधी बोलले नव्हते.

"तुज्या आत्याला मीच माघारी आनली. तिच्या सासऱ्यानं सांगितलं, आन मी ताठ्यात गाडी जुपली. म्हटलं, माजी भन मला जड न्हाई. तिला इचारलं न्हाई. तिला यायाचं व्हतं का न्हाई, म्या कदी इचारलंच न्हाई." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुला काय पायजे, पोरी?"

"मला हितंच ऱ्हायचंय, आबा."

"आन पाव्हण्यांला?"

मला रडू फुटलं. म्हटलं, "ते बोलत न्हाईत." आबा उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही चालायला लागलो. आता ते नेणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. न बोलणाऱ्या माणसाच्या दारात कुठला बाप लेक ठेवील?

चाळीत पोचलो तर सगळी चाळ गॅलरीत. हरताळामुळं गिरण्या बंद, गोदी बंद, सगळे पुरुष घरी. जिन्यातच काकू भेटल्या आणि बाजूला झाल्या. वर आलो तर आमच्या दारापुढं, भर गॅलरीत, काकूंची शेगडी पेटलेली. तिच्यावर काकूंचं पातेलं. आणि पुढं उकिडवे बसून, घामाघूम होऊन, मालक भात ढवळत होते. सगळा मजला बघत होता.

मी म्हटलं, "अवो, हे काय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. आबांकडं बघून बोलले, आणि चांगलं मोठ्यानं बोलले, चार दारं पलीकडं ऐकू जाईल असं.

"मामा, आज तुमची बारस. सगळं बंद हाय हे गोदीवरनं येतानाच कळलं. हा तांदूळ तुमच्या खाचरातला, तुमीच येताना आनलेला. शेगडी काकूंची, कोळसं काकूंचं, भांडं काकूंचं. पाणी नळाचं, आमच्या माठातलं न्हाई. काकूंला मी सांगितलं, आमच्या घरी अजून पाळणा न्हाई, म्हनून मामा जेवत न्हाईत. ह्यात माज्या घरचं कायसुदिक न्हाई, मामा. मीठ बी घातलं न्हाई. तुमी जेवा."

जी गोष्ट चाळीला कळू नये म्हणून हा माणूस रोज जळत होता, ती त्यानं स्वतःच्या तोंडानं सगळ्यांना सांगितली होती, आणि वर पातेलं ढवळत बसला होता. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन हिला नेऊ नका."

मी चौकटीला धरून खाली बसले.

आबांनी नळावर हातपाय धुतले. काकूंनी त्यांच्या घरचं ताट आणून ठेवलं. आबा गॅलरीतच मांडी घालून बसले, ताटाभोवती पाणी फिरवलं आणि पहिला घास घेतला. नुसता पांढरा भात, अळणी. दुसरा घास घेतला. तिसरा हातात घेतला आणि थांबले. मालकांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं, भोवळ आली.

"पोरी," आबा म्हणाले, "तुज्या घरातलं मीठ आन."

मालक उठले नाहीत, त्यांना कळलं होतं की हे मीच आणायचं आहे. मी आत गेले, फळीवरून मिठाची बरणी काढली आणि माझ्या हातानं त्यांच्या ताटात मीठ वाढलं. आबांनी ते भातात कालवलं आणि ताट पुसून जेवले. मग म्हणाले, "पाव्हणं, आता तांब्याभर पाणी द्या. तुमच्या माठातलं."

आमच्यात लेकीच्या घरचं मीठ खाल्लेला बाप तिला त्या घरातून उठवून नेऊ शकत नाही. ते त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, मालकांनाही. मी राहिले. पण ते मीठ वाढताना मला हेही कळत होतं, की आता उद्या काही वाईट घडलं तरी माघारी जायला मला दार उरलेलं नाही. आबांनी ते माझ्यासाठी आपल्या हातानं लावून घेतलं. त्या रात्री मी आनंदानं रडले आणि भीतीनंही रडले, कोणतं जास्त ते सांगता येत नाही.

आबा गावी गेले आणि पौडच्या बाजारातच, चारचौघांत, आत्याबाईंना म्हणाले, "म्या लेकीच्या घरचं मीठ खाऊन आलोय. मला आता तिला आनता येत न्हाई. तुमाला वंश पायजे असंल तर तुमच्या लेकाला सांगा, सोता तिला घराबाहेर काढ म्हनावं." लोकांनी त्यांना नावं ठेवली, पाळणा हलायच्या आधी जेवला म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं. आत्याबाई मुंबईला आल्या, चार दिवस राहिल्या, लेकाशी भांडल्या आणि एकट्याच परत गेल्या.

आमच्या घरी पाळणा कधीच हलला नाही. आबा दरवर्षी सुगी झाली की यायचे. जिना चढतानाच ओरडायचे, "काय रांधलंय गं?" आणि मी मीठ जरा जास्तच घालायची.